हमिदाची नाडी

हिंगणवाडी, ता. शेवगाव
१९ नोव्हेंबर १९७२

वेणूआत्या,

साष्टांग नमस्कार आधीच घालून टाकतो, नाहीतर तू पुढचं वाचायची नाहीस.

तुझा भाचा डॉक्टर झाला, इंटर्न म्हणून खेड्यात आला आणि महिनाभरात त्याने गाव गमावलं. इथले मोठे डॉक्टर आणि नर्सबाई दोघांनाही दुष्काळी कामाच्या छावणीवर पाठवलंय, त्यामुळे आरोग्य केंद्रात मी, एक टेबल आणि औषधांची दोन कपाटं एवढेच आहोत. पाणी टँकरचं किंवा तळ गाठलेल्या विहिरीचं. जुलाब आणि तापाचे पेशंट खच्चून होते, गेल्या आठवड्यापर्यंत.

झालं असं. पुंजाराम म्हणून एक शेतकरी आहेत, त्यांची सून साळूबाई बाळंत झाली. मला वाटलं, बोलावण्याची वाट कशाला बघायची, आपणहून जावं. बाळंतिणीच्या खोलीच्या दारात निखाऱ्यांची शेगडी आडवी ठेवलेली. मी ती ओलांडली, बूट न काढता आत गेलो आणि बाळ उचलून छाती तपासली. बाळ ठणठणीत. पण संध्याकाळी ते जे रडायला लागलं ते थांबेचना, आणि खापर माझ्या बुटांवर फुटलं. तेव्हापासून दवाखान्यात चिटपाखरू नाही. लोक माझ्यासमोरून जातात, रामराम घालतात आणि आठ मैल चालून शेवगावला औषध आणायला जातात.

मला राग आलाय, आत्या. मी काय वाईट केलं? तू एवढी त्या समाजवैद्यकाची प्राध्यापक, तर सांग आता.

तुझा,
श्रीरंग

*

पुणे
२४ नोव्हेंबर १९७२

श्रीरंगा,

आशीर्वाद देते, पण आज कान धरून.

दारात शेगडी का ठेवली, हे विचारायला किती वेळ लागला असता? हातपाय शेकून आत यायचं असतं. बाहेरची बाधा बाळाला होऊ नये म्हणून. तू त्याला अंधश्रद्धा म्हणशील. मी म्हणते, हात शेकून बूट काढून आत जाणारा माणूस तुझ्यापेक्षा स्वच्छच होता. आधी पुंजारामांच्या घरी जा, ओट्यावर बस, चूक झाली म्हण. पुन्हा आत शिरू नकोस.

आता माझं ऐक. या वर्षी मी कॉलेजात हट्टाने एक तास सुरू करून घेतलाय. पेशंटच्या घरात कसं वागावं, कुणाला काय चालतं, काय चालत नाही, हे मुलांना शिकवायचं. मुलं हजेरी देतात आणि मागच्या दाराने पसार होतात. स्टाफरूममध्ये मला ‘शिष्टाचारबाई’ म्हणतात. जानेवारीत समिती ठरवणार आहे, तास ठेवायचा की बंद करायचा. पुस्तकातली उदाहरणं मुलांच्या डोक्यावरून जातात. तू तिथे आहेस, तर जे बघशील ते मला लिही. मी वर्गात वाचेन.

काही गोष्टी आत्ताच सांगून ठेवते. बाईमाणसाची तक्रार तिच्या सासूसमोर विचारू नकोस, खरं उत्तर मिळणार नाही. जेवणावरून लगेच उपदेश करू नकोस. मुसलमान घरी गेलास तर जपून. बाई पडद्यात असते, परक्या पुरुषाने तिला हात लावलेला चालत नाही, नाडीसुद्धा नाही. बाहेर बसायचं, घरातल्या एखाद्या बाईला आत पाठवायचं, तिच्याकडून थर्मामीटर लावून घ्यायचं, लक्षणं विचारायची. इथे पुण्यात दोन घरांनी तरुण डॉक्टरांना याच कारणावरून हाकललेलं मी पाहिलंय.

जेवतोस का नीट? बाजरीची भाकरी पचत नसेल तर तसं सांग, लाजू नकोस.

वेणूआत्या

*

हिंगणवाडी
३ डिसेंबर १९७२

आत्या,

नमस्कार, आणि तोही ताठ मानेने.

पुंजारामांची माफी मागितली. ते संकोचले, चहा पाजला, आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात चार माणसं आली. तुझ्या शिष्टाचाराला मी हसत होतो, आता हसत नाही.

पण खरी परीक्षा परवा झाली. इथे चांदभाई म्हणून मणियार आहेत, बांगड्यांचा धंदा. त्यांची बायको हमिदा आठवडाभर तापाने पडलेली. चांदभाई स्वतः बोलवायला आले. वाटेतच मी त्यांना विचारलं की घरात पडदा आहे ना? ते जरा गोंधळले. मग म्हणाले की चादर बांधता येईल. मी म्हटलं, बांधा. त्यांनी ओसरी आणि आतली खोली यांच्यामध्ये फुलाफुलांची चादर बांधली. मी ओसरीवर बसलो. त्यांची बहीण मेहताब आत गेली. तिने थर्मामीटर लावून आणून दाखवलं, एकशे तीन. रोज चढता ताप, डोकं दुखतं, जिभेवर पांढरा थर, तोंडाला चव नाही. एकेक प्रश्न चादरीतून आत जात होता आणि उत्तर बाहेर येत होतं. विषमज्वर आहे, माझी खात्री आहे. मेहताबनेच धरलेल्या हातातून चादरीच्या फटीत रक्त घेतलं आणि नगरला पाठवलं. कॅप्सूल दिल्या, पातळ पेज, ताक, उकळलेलं पाणी सांगितलं. वेळेवर औषध पोटात गेलं तर बाई नक्की बरी होणार. वयही तिशीच्या आतलं.

निघताना चांदभाई म्हणाले, “डॉक्टर, तिचा हात न्हाई बघत?”

मी म्हटलं, “हात बघायची काही गरज नाही, चांदभाई.” आणि अगदी तू शिकवल्यासारखं, अदबीने हात जोडले.

ते माझ्याकडे बघतच राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. सुईसाठी बोटभर हात लागला तेवढाच. एका परक्या पोराने त्यांच्या घराची अब्रू एवढी सांभाळली, हे त्यांच्या लक्षात आलं असणार. दुष्काळात त्यांना खर्च नको म्हणून मी चहाही घेतला नाही. वेशीपर्यंत ते माझ्याबरोबर चालत आले.

वर्गात वाच हे. आणि मागच्या दाराला कडी घाल.

तुझा शिष्य,
श्रीरंग

*

पुणे
८ डिसेंबर १९७२

श्रीरंगा,

पाठ थोपटली असं समज.

काल पत्र वाचलं. मागच्या दाराने कुणी गेलं नाही. तुझी ती फुलाफुलांची चादर मुलांच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. आमचे विभागप्रमुख दारात उभे राहून ऐकत होते, आणि नंतर म्हणाले की समितीसमोर हेच पत्र ठेवा. मी हुरळून गेले, खोटं कशाला बोलू.

एकच खटकलं. काकासाहेब म्हणून एक विद्यार्थी आहे, तुझ्या शेवगावकडचाच, अबोल. तो उठून विचारायला लागला, “मॅडम, हात पाहिलाच नाही का?” तोवर घंटा झाली आणि पोरं उठली. त्याला काय म्हणायचं होतं ते राहूनच गेलं. बहुधा पुस्तकी शंका असेल, नाडीशिवाय निदान कसं केलं वगैरे.

आणि आता आत्या नाही, डॉक्टर म्हणून विचारते. तिचं पोट कोणी पाहिलं? विषमज्वराच्या तिसऱ्या आठवड्यात आतडं फुटू शकतं, हे तुला मी सांगायला नको. मेहताबला पोट दाबून बघायला शिकव. कॅप्सूल सुरू झाल्यावर चार-पाच दिवसांत ताप उतरायला हवा. उतरला ना? पुढच्या पत्रात आधी ते लिही, मग बाकीचं.

वेणूआत्या

*

हिंगणवाडी
१३ डिसेंबर १९७२

आत्या,

नगरहून रक्ताचं उत्तर आलं, विषमज्वरच आहे. निदान चादरीतून केलं तरी चुकलं नाही, हे तुझ्या काकासाहेबांना कळव.

ताप अजून पूर्ण उतरलेला नाही, असं मेहताब सांगते. पण बाई सुधारतेय यात शंका नाही, कारण खायला मागतेय. परवा भजी मागितली, काल मटणाचा रस्सा. मी कपाळाला हात लावणार होतो, पण तूच लिहिलंस ना की जेवणावरून उपदेश करू नये. जपून द्या एवढंच म्हटलं. चांदभाई म्हणाले, आता तिला नाही म्हणायचं नाही असं घरात ठरलंय. बायकोवर किती जीव आहे बघ.

आणि या घरात आजाऱ्याला जे मिळतं ते आपल्या पुण्यात कुणाला मिळणार नाही. तिची आई हमिदाला भेटायला कोपरगावहून आली, पारनेरहून मामा आले. ओसरी भरलेली असते. गावातल्या बायका, हिंदू-मुसलमान सगळ्या, एकेक करून आत जातात. बनुबाई नावाची म्हातारी बाहेर आली ती पदराने डोळे पुसत, तिने हमिदाची माफी मागितली म्हणे, कधी काळी बांगड्यांवरून भांडली होती त्याबद्दल. मी ऐकलं, सगळेच असं करतात. बोललंचाललं माफ कर म्हणतात. आजारपणात मनातलं काढून टाकायचं, केवढी शहाणी रीत आहे ही! खाटसुद्धा फिरवून ठेवलीय, तोंड पश्चिमेकडे होईल अशी. संध्याकाळी एक म्हातारे गृहस्थ उशाशी बसून धर्मग्रंथ वाचतात. चादरीमागून तो आवाज येतो, फार शांत वाटतं.

कॅप्सूलचं विचारलं. चांदभाई म्हणाले, औषध हाय घरात. मी आणखी चिकटून विचारलं नाही, अविश्वास दाखवल्यासारखं झालं असतं. पोटाचं मात्र मेहताबला सांगायचं राहिलं, घरात एवढी माणसं होती.

एक गंमत कळली. हमिदा पडद्यातली नाहीच म्हणे. शेवगावच्या बाजारात उघड्यावर बसून बांगड्या भरते, गावातल्या प्रत्येक बाईचा हात तिने धरलाय. मग चादर का बांधली, असं मी पुंजारामांना विचारलं, तर म्हणाले तुम्हीच सांगितली ना. म्हणजे माझ्या मानासाठी त्यांनी बांधली. हे लोक खरोखर दिलदार आहेत.

समितीपुढे हे पत्रही ठेव.

श्रीरंग

*

पुणे
१६ डिसेंबर १९७२
(एक्स्प्रेस डाक)

श्रीरंग,

तुझं पत्र आत्ता मिळालं. काकासाहेबला वसतिगृहातून बोलावून घेतलं आणि पत्र त्याच्या हातात दिलं. ओसरी भरल्याचं वाचलं तिथेच त्याने पत्र खाली ठेवलं.

त्याने सांगितलं ते लिहिते. तुमच्या त्या भागात खाजाभाई नावाचे हकीम होते, दोन वर्षांपूर्वी वारले. तीस-चाळीस गावं त्यांच्याकडे जायची, सगळ्या जातींची, सगळ्या धर्मांची. त्यांची एक पद्धत होती. रोगी वाचण्यातला असेल तर ते आधी त्याची नाडी बघायचे, मग बाकीचं. वाचण्यातला नसेल तर हात लावायचे नाहीत. तोंडाने वाईट बोलायचं नाही म्हणून नुसते हात जोडायचे, त्या घरचं पाणीही न घेता निघायचे. लोकांना कळायचं. मग औषध बंद, आजाऱ्याला हवं ते खायला, नातेवाइकांना निरोप. डॉक्टर आला तरी तिकडचं माणूस आधी मनगट पुढे करतं, असं काकासाहेब म्हणाला. हाच प्रश्न त्याला त्या दिवशी विचारायचा होता.

श्रीरंगा, तू हात पाहिला नाहीस. गरज नाही म्हणालास. हात जोडलेस, चहा नाकारलास. त्यांनी तुझं बोलणं ऐकलं आणि तिला मरायला सोडून दिलंय. त्या माफ्या, ती फिरवलेली खाट, ते वाचन, हे सगळं मरणाऱ्या माणसाचं आहे. आणि कॅप्सूल घरात आहेत, पोटात नाहीत.

तुला तार केली आहे. हे पत्र तिच्या मागून पोचेल, पण तारेत एवढं मावलं नाही. ताबडतोब जा. चादर काढायला लाव. सगळ्यांसमोर तिच्या खाटेवर बस, तिची नाडी धर आणि बराच वेळ धरून ठेव. पहिली कॅप्सूल तुझ्या हाताने दे. पोट बघ. मऊ असेल तर वेळ आहे. कडक असेल तर काहीही देऊ नकोस, मिळेल त्या गाडीने नगर गाठ, सर्जनकडे.

पडद्याचं मी तुला सांगितलं. पुण्यातली दोन घरं पाहून मी तुला तिथल्या माणसांचा नियम सांगितला. त्याबद्दल नंतर बोलू. आधी जा.

वेणूआत्या

*

हिंगणवाडी
२१ डिसेंबर १९७२

आत्या,

तार सोमवारी आली. शनिवारी शेवगावला येऊन पडली होती, रविवारी टपाल नसतं. ‘हमिदाची नाडी बघ, पोट तपास, ताबडतोब’ एवढंच होतं. मला काही कळलं नाही, पण तू कारणाशिवाय तार करणारी नाहीस म्हणून तसाच निघालो.

चादर मीच ओढून काढली. पहिल्यांदा तिला पाहिलं. गालफडं बसलेली, डोळे खोल गेलेले, पण माझ्याकडे बघत होती. मी खाटेच्या कडेला बसलो आणि तिचं मनगट हातात घेतलं.

आत्या, त्या घरात काय झालं ते मला सांगता येत नाही, पण सांगतो. तिची आई किंचाळली. बाकीचे आत धावले. “डॉक्टरनी हात धरला” असं कुणीतरी ओसरीवर ओरडून सांगितलं, ते रस्त्यावर गेलं, आणि बायका पळत यायला लागल्या. मेहताब हसत होती आणि रडत होती. चांदभाईंनी फळीवरचा डबा काढला. मी दिलेल्या सगळ्या कॅप्सूल त्यात होत्या, पहिल्या दिवशीची तेवढी कमी. ते त्या दोन्ही हातांच्या ओंजळीत घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. मला कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही. तेव्हाच सगळं कळलं.

हमिदानेही माझ्या हाताकडे पाहिलं. मग ती आईला म्हणाली, “पाणी दे.” जगायची इच्छा असलेल्या माणसाच्या आवाजात म्हणाली.

आणि माझ्या बोटांखाली नाडी सुतासारखी होती, मोजता येत नव्हती. दुसऱ्या हाताने पोट बघितलं. फळीसारखं कडक. आदल्या दुपारी पोटात जोराची कळ येऊन गेली होती, मग एकदम दुखायचं थांबलं होतं. घरच्यांना वाटलं होतं, सुटली बिचारी दुखण्यातून. पाणी देऊ नका म्हटलं. कॅप्सूल परत डब्यात ठेवायला सांगितल्या. नगरला न्यायचं म्हटल्यावर बाजाराचा टेम्पो लगेच उभा राहिला. पुंजारामांनी आपली गादी टाकली. माणसं टेम्पोच्या मागे चालत आली, सगळी आनंदात. मी एकटाच होतो ज्याला माहीत होतं.

वाटभर मी तिचा हात सोडला नाही. सोडला असता तर त्यांनी पुन्हा तेच ओळखलं असतं. तिची आई तिच्याशी बोलत होती. बरी झालीस की कोपरगावला चल, महिनाभर राहा, असं काय काय. तिसगाव मागे पडलं. करंजीच्या घाटात नाडी गेली. मी इकडेतिकडे चाचपली, गळ्याशी बघितली. नव्हती. आई बोलतच होती. मी हात धरून बसून राहिलो, नगर येईपर्यंत. तिथल्या डॉक्टरांनी दारातच बघून मान हलवली.

परत आल्यावर तुझं एक्स्प्रेस पत्र टेबलावर पडलेलं होतं. ते मी वाचलं. त्यात मला नवीन काही नव्हतं, खाजाभाईंचं नाव सोडून. माझी दोन्ही पत्रं समितीपुढे ठेवणार होतीस, ती ठेव. हेही ठेव. तास चालू ठेवायला सांग, पण त्या तासाला कुठल्या धर्माचं माणूस कसं असतं हे सांगू नकोस. समोरच्याला विचारायला सांग. चांदभाईंनी मला सरळ प्रश्न विचारला होता, आणि मी त्यांना उत्तर दिलं. ते तसं का विचारताहेत, एवढं विचारलं असतं तर ती आज बाजारात बसली असती.

आज सकाळी चांदभाई आले. दवाखाना रिकामा होईपर्यंत थांबले. मला वाटलं शिव्या देतील, आणि मी त्या घेणार होतो. ते अगदी हळू बोलले. म्हणाले, “पयल्या दिवशी तुमी खरं सांगितलं. लई उपकार झाले, तिची आई भेटली, समदी भेटली. मग सोमवारी उगं आशा कशापायी लावली, डॉक्टर? ती जायला तयार झाली हुती. तुमी हात धरला आन ती रडत गेली.”

पहिल्या दिवशी तिचा हात न धरणं हे त्यांच्या मते माझं खरं बोलणं. सोमवारी धरला, ते खोटं. नेमकं उलटं होतं, हे सांगायचं म्हणजे तुमची बायको वाचणार होती आणि औषध तुमच्या फळीवर होतं, असं त्यांना सांगायचं. न सांगावं तर ते माझे उपकार मानत राहणार. पत्र टपालात टाकायचंय, एवढं संपवतो, असं म्हणून मी टेबलाशी येऊन बसलो.

ते गेलेले नाहीत. बाहेर ओट्यावर बसले आहेत, टोपी मांडीवर ठेवून. मी मघाशी दोनदा उठून पाहिलं. उत्तर घेतल्याशिवाय ते उठणार नाहीत, आणि पत्रात लिहिण्यासारखं माझ्याकडे आता काही उरलेलं नाही.

श्रीरंग